चित्रातलं वाचनालय आणि वाडीवरची पेटी

लहान मुलांना वाचनालयाची ओळख करून देणारी चित्रपुस्तकं हा इंग्रजी बालसाहित्यातला एक भरगच्च कप्पा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलानं वाचनालयात कसं जायचं, पुस्तक कसं निवडायचं, कुणाला विचारायचं, घरी न्यायचं आणि परत कधी आणायचं, हे सगळं गोष्टीतून आणि चित्रांतून सांगणारी पुस्तकं तिकडे सतत निघत असतात. मराठी चित्रपुस्तकांनी गेल्या पंचवीस वर्षांत घर, शाळा, आजी-आजोबा, गल्ली, बाजार असे किती तरी विषय जिवंत केले. वाचनालय मात्र त्यांत फारसं आलं नाही. मग ही परदेशी पुस्तकं आपल्याकडे आणावीत, की आपली नवी करावीत? आणि नवी करायची तर त्यांत कोणतं वाचनालय काढावं?

हा आढावा पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके समोर ठेवून घेतो आहे. वाचनालय म्हटल्यावर पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं, हे कळल्याशिवाय त्याच्या हाती कोणतं पुस्तक द्यायचं ते ठरत नाही. या दोन तालुक्यांत ते चित्र फार लवकर बदलतं. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गजबजलेली बाजारपेठेची गावं आहेत. पूर्वेकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, टोमॅटो, द्राक्षं आणि भीमाशंकर व विघ्नहर हे दोन सहकारी साखर कारखाने. पश्चिमेला वळलं की डिंभे धरणापलीकडे आहुपे, भीमाशंकरपर्यंतचा आणि जुन्नरच्या बाजूला नाणेघाट, दुर्गवाडी, हातवीजपर्यंतचा डोंगराळ पट्टा लागतो. तिथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत, भाताची खाचरं आहेत, हिरड्याची झाडं आहेत. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आहे. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत या भागातली कितीतरी मुलं घरापासून लांब राहून शिकतात.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून त्यांना अनुदान दिलं जातं. ही व्यवस्था मोठी आहे आणि तिच्यामुळे राज्यात हजारो वाचनालयं तग धरून आहेत. पण गावातलं नेहमीचं वाचनालय म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीजवळची एक खोली, मधे लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं आणि भिंतीला लागून पत्र्याची कपाटं. सकाळी पेपर वाचायला निवृत्त मंडळी येतात, दुपारी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली बसतात. पाच वर्षांचं मूल तिथे आलंच तर आजोबांचं बोट धरून येतं आणि आजोबांचा पेपर संपेपर्यंत बाकावर पाय हलवत बसतं. त्याच्यासाठी त्या खोलीत काही नसतं. टेबलाची कडसुद्धा त्याच्या नाकापर्यंत येते.

दुसरं वाचनालय शाळेतलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या इयत्तांप्रमाणे वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मात्र हे ग्रंथालय म्हणजे कार्यालयातलं एक कपाट, किंवा एखादी पेटी, किंवा बाईंनी वर्गात सुतळी बांधून तिच्यावर टांगलेली पुस्तकं. सुतळीवरच्या पुस्तकांना मी मनापासून वाचनालय म्हणतो. मुखपृष्ठ समोर दिसतं, हात पोचतो, आणि न विचारता घेता येतं. लहान मुलाच्या वाचनालयाला एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

आता पुस्तकांकडे वळू. वाचनालयावरच्या परदेशी चित्रपुस्तकांचा सगळ्यात मोठा गट रीत शिकवणाऱ्यांचा आहे. ॲना मॅक्क्विन यांचं, रोझलिंड बिअर्डशॉ यांच्या चित्रांचं ‘लोला ॲट द लायब्ररी’ (२००६) हे त्यांतलं सगळ्यात नितळ पुस्तक. लोला दर मंगळवारी आईबरोबर वाचनालयात जाते. वाचून झालेली पुस्तकं पिशवीत भरते, परत देते, गोष्टीच्या वेळेला बसते, नवी पुस्तकं निवडते, घरी आणते. एवढंच. त्यात संकट नाही, खलनायक नाही. ल्यूसी कझिन्स यांची मेझी नावाची उंदरीणही अशीच वाचनालयात जाऊन येते. मोठ्यांना ही पुस्तकं सपक वाटतात, पण तीन वर्षांच्या मुलाला रोजचा क्रम जसाच्या तसा चित्रात दिसणं फार आवडतं. लोला सावळी, कुरळ्या केसांची मुलगी आहे आणि ती वाचनालयात अगदी हक्कानं वावरते, हे त्या पुस्तकाचं मोठं काम आहे. आपल्याकडे अडचण येते ती तिच्या मंगळवारापाशी. हे पुस्तक जिथून आलं तिथे दर आठवड्याला ठरल्या वेळी उघडणारं, बुटक्या कपाटांचं, सतरंजी अंथरलेलं वाचनालय असतं. म्हणून ते पुस्तक म्हणजे आमंत्रण ठरतं. हातवीजच्या मुलाला तेच पुस्तक दाखवलं तर तो दुसऱ्याच कुणाच्या गावची गंमत पाहतो. त्याला ती आवडेलही, पण त्यातून त्याला कुठे जाता येणार नाही.

दुसरा गट नियमांच्या गोष्टींचा, आणि त्यात मिशेल नडसन यांचं ‘लायब्ररी लायन’ (२००६) सर्वांत गाजलेलं. केविन हॉक्स यांची चित्रं इतकी ऊबदार आहेत की ते पुस्तक पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं. एक सिंह वाचनालयात येतो. तो पळत नाही, गडबड करत नाही, म्हणजे नियम मोडत नाही, तर त्याला राहू द्यायला काय हरकत, असं तिथल्या प्रमुख बाई ठरवतात. तो मुलांसोबत गोष्ट ऐकतो, शेपटीनं धूळ झटकतो. मग एके दिवशी बाई पडतात, आणि मदत बोलावण्यासाठी सिंहाला डरकाळी फोडावी लागते. नियम मोडल्यामुळे तो स्वतःच निघून जातो. नियम कशासाठी असतात आणि कधी मोडायचे असतात, हे इतक्या लहान वयाला इतकं नेमकं सांगणारं पुस्तक मला दुसरं दिसलेलं नाही.

पण हे पुस्तक जुन्नरमध्ये वाचताना थोडं थांबावं लागतं. इथल्या ऊसपट्ट्यात बिबट्या ही गोष्टीतली गोष्ट नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, संध्याकाळी मुलांना अंगणात एकटं सोडत नाहीत, आणि हल्ल्यात माणसं गेलेली घरं या भागात आहेत. मांजरकुळातलं मोठं जनावर दारातून आत आलं आणि मुलं त्याच्या अंगावर रेलून बसली, हे चित्र इथल्या मुलाला कसं दिसेल? मला वाटतं, ते पुस्तक इथे वाचूच नये असं मुळीच नाही. उलट चांगल्या शिक्षिकेच्या हातात ते इथे अधिक खोल जाईल, कारण मुलांकडे बोलण्यासारखं खूप आहे. फक्त ते आधी मुलांना बोलू देऊन मग वाचावं लागेल. पुण्याच्या बालवाडीत ते ज्या सुरात वाचलं जातं तो सूर इथे चालणार नाही. आणि एखाद्या चित्रकारानं वाचनालयात यायला इथला पाहुणा शोधायचाच असेल, तर भीमाशंकरचं शेकरू आहेच. ते झाडावरून खाली फारसं उतरत नाही, म्हणजे पुस्तकं त्याच्यापर्यंत वर पोचवावी लागतील, आणि त्यातूनच गोष्ट सुरू होते.

नियमांच्या पुस्तकांबद्दल एक तक्रार नोंदवायला हवी. शांतता पाळा, पान दुमडू नका, हात धुऊन या, वेळेत परत करा, या चार सूचनांची चित्रं म्हणजे वाचनालयाची ओळख, असा समज आपल्याकडे पक्का आहे. शाळांच्या भिंतींवरचे फलक पाहिले तरी ते दिसतं. पाच वर्षांचं मूल मोठ्यानं वाचतं, चित्राशी बोलतं, शेजारच्याला हाक मारून दाखवतं. त्याचं वाचन ऐकू येतंच. त्याला पहिल्या दिवशी गप्प केलं तर त्याला वाचनालय कळण्याआधीच नकोसं होतं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलं सूत्र पुस्तकं वापरासाठी आहेत हे होतं. शांततेचं सूत्र त्या पाचांत नाही.

तिसऱ्या गटाशी या भागाचं नातं सगळ्यात जवळचं आहे. ही चालत येणाऱ्या वाचनालयांची पुस्तकं. जीनेट विंटर यांचं ‘बिब्लियोबुरो’ (२०१०) कोलंबियातल्या लुईस सोरियानो या शिक्षकाची खरी गोष्ट सांगतं. आल्फा आणि बेतो या दोन गाढवांवर पुस्तकं लादून तो डोंगरातल्या वाड्यांवर जातो. हीदर हेन्सन यांच्या ‘दॅट बुक वुमन’मध्ये (२००८) अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात घोड्यावरून पुस्तकं पोचवणारी बाई आहे. १९३५ ते १९४३ या काळात सरकारी रोजगार योजनेतून तिथे खरोखरच अशा बायका नेमल्या होत्या. गोष्टीतला कॅल हा मुलगा पुस्तकांना काडीची किंमत देत नाही. बहिणीला वाचनाचं वेड, हा मात्र शेळ्या-मेंढ्या वळणारा. ती बाई भर हिमवादळात येते, दारातल्या फटीतून पुस्तकं देते, तेव्हा त्याला पहिल्यांदा प्रश्न पडतो की एवढं हिला काय पडलंय? त्या प्रश्नातून तो वाचायला लागतो. डेव्हिड स्मॉल यांची चित्रं त्या पुस्तकाचा प्राण आहेत. मार्ग्रिट रुर्स यांचं ‘माय लायब्रेरियन इज अ कॅमल’ (२००५) छायाचित्रांचं आहे. उंट, होडी, हत्ती, गाडी, जिथे जे चालेल त्यावरून मुलांपर्यंत पुस्तकं जातात हे त्यात देशोदेशीच्या उदाहरणांनी दाखवलं आहे.

आहुपे खोऱ्यातल्या मुलाला ही पुस्तकं परकी वाटणार नाहीत. डोंगर, पाऊस, वाट बंद होणं, गुरं वळायला जाणं, कुणीतरी खालून काहीतरी घेऊन येणं, हे त्याचं रोजचं आहे. शिवाय चालत्या वाचनालयाची आपली स्वतःची परंपरा आहे आणि ती चांगली जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यात मुलांसाठी वेगळा विभाग होता आणि लाकडी पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तकं पाठवली जात. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमानं शंभर पुस्तकांच्या पेट्या वस्त्यांत, सोसायट्यांत, कारखान्यांत आणि पुढे परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोचवल्या. या पेटीचीच छोटी आवृत्ती मुलांच्या विभागासाठी निघाली. बडोद्याची ती पेटी बैलगाडीतून एखाद्या गावात उतरते आहे, झाकण उघडतं आहे, भोवती पोरं गोळा झाली आहेत, असं चित्रपुस्तक मराठीत कुणी का केलं नाही? कोलंबियाच्या गाढवांची गोष्ट आपण टाळ्या वाजवून वाचतो, आणि ती वाचावीच. पण बडोद्याची पेटी त्यांच्याइतकीच चित्रात शोभणारी आहे.

चौथा, छोटा गट दाराच्या आत कुणाला येऊ दिलं जात होतं याचा आहे. विल्यम मिलर यांचं ‘रिचर्ड राइट अँड द लायब्ररी कार्ड’ (१९९७) अमेरिकेच्या दक्षिणेतलं आहे. काळ्या माणसाला वाचनालयाचं कार्ड मिळत नव्हतं, म्हणून पुढे लेखक झालेला तरुण रिचर्ड राइट एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मागून घेतो आणि त्याच्यासाठीच पुस्तकं नेतोय असं भासवतो. हे सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांचं पुस्तक आहे. आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानं संपला, पण गावातलं वाचनालय कोणत्या आळीत आहे, तिथे कोण बसलेलं असतं, यावर अजूनही वाडीवरच्या किंवा वस्तीवरच्या मुलाचं पाऊल अडतं. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला ‘राजगृह’ हे घर बांधलं ते पुस्तकांसाठी. स्वतःच्या पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस ही कोणत्याही मुलाला भुरळ पाडणारी गोष्ट आहे. वाचनालयाची ओळख करून देणारं मराठी पुस्तक तिथूनही सुरू होऊ शकतं.

मराठीत सध्या काय आहे? थेट वाचनालयावरचं कमी, पण वाचनालयात नेणारं भरपूर. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’पासून या वयाच्या मुलांसाठी जे लिहिलं आणि रेखाटलं त्यानं मराठी चित्रपुस्तकाची पातळीच बदलली. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ चा पहिला बिग लिटल बुक पुरस्कारही. त्यांचं ‘चित्रवाचन’ मला या विषयासाठी विशेष महत्त्वाचं वाटतं. गर्दीनं भरलेल्या एकेका जागेचं मोठं चित्र, ज्यात मुलानं माणसं शोधायची, त्यांच्या गोष्टी स्वतः रचायच्या. गावातल्या वाचनालयाचं असं एक भरलेलं चित्र हवं: पेपर वाचणारे आजोबा, परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली ताई, खिडकीत मांजर, आणि कपाटाखाली शिरून गोष्टीचं पुस्तक चाळणारं पोर.

नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेची स्वस्त मराठी पुस्तकं अनेक शाळांच्या कपाटांत आहेत. ‘चिकूपिकू’ हे एक ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचं मराठी मासिक घरात पहिलं वाचन आणतं आहे. अरविंद गुप्ता यांनी जगभरातल्या चित्रपुस्तकांची हिंदी-मराठी भाषांतरं इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळी ठेवली आहेत, आणि वर उल्लेखलेल्या पुस्तकांच्या जातीचं साहित्य शिक्षकाला फुकट पाहायला मिळतं ते त्यांच्या कष्टांमुळे. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या व्यासपीठावर तर कुणीही गोष्ट उतरवून घ्यावी, छापावी, आपल्या बोलीत भाषांतर करावं, अशी खुली परवानगीच आहे. घोडेगावच्या एखाद्या शिक्षिकेला महादेव कोळी घरांत बोलली जाणारी मराठी वापरून एखादी गोष्ट नव्यानं सांगायची असेल, तर तिला कुणाची परवानगी काढत बसावं लागणार नाही. ही सोय अजून फार कमी वापरली गेली आहे.

उमा कृष्णस्वामी यांचं ‘बुक अंकल अँड मी’ हे भारतीय वातावरणातलं पुस्तकही इथे आठवतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर पुस्तकं मांडून बसलेला एक काका पोरांना ती वाचायला देतो, आणि पालिका त्याला उठवायला निघते तेव्हा मुलं उभी राहतात. ते जरा मोठ्या मुलांचं आहे, पण वाचनालय म्हणजे इमारत नव्हे, ते कुणीतरी चालवावं लागतं, हे त्यात ठसठशीत येतं.

पुस्तक मुलांसमोर कसं येतं हाही याच प्रश्नाचा भाग आहे. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. नट मंडळी आदिवासी भागातल्या शाळांत आणि आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. जी गोष्ट डोळ्यांसमोर घडली तिचं पुस्तक हातात घ्यावंसं वाटणारच. गोव्यात २००५ पासून काम करणारी बुकवर्म ही संस्था शाळांत वाचनालयाचा तास चालवते आणि तिथेही मोठ्यानं वाचून दाखवणं हाच पाया आहे. रूम टू रीड या संस्थेच्या वाचनालयांत पुस्तकांना पातळीप्रमाणे सहा रंग दिलेले असतात, म्हणजे अजून वाचता न येणारं मूलसुद्धा आपलं पुस्तक कुठे आहे ते ओळखतं. या तिन्ही ठिकाणी मुलाची वाचनालयाशी ओळख माणसामार्फत होते. पुस्तक त्या ओळखीला हात देतं.

इथे कपाटाच्या किल्लीचा विषय काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळेला पुस्तकं मिळतात, नोंदवहीत चढतात, आणि कपाटात बंद होतात. यात शिक्षकांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. पुस्तक हरवलं, फाटलं, शेळीनं खाल्लं तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यांना द्यायचं असतं. सुरक्षित ठेवलेल्या पुस्तकाबद्दल आजवर कुणाला नोटीस आलेली नाही, आणि वाचून फाटलेल्या पुस्तकाबद्दल शाबासकीही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत मात्र वाचनालयांसाठी एक समंजस कलम आहे: वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवणं वाजवी मानावं, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा बेपर्वाई नसेल तर. आपल्या शाळांच्या पुस्तकांसाठी असाच, किंबहुना याहून सैल नियम लेखी स्वरूपात प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर असायला हवा. पाच वर्षांच्या मुलांच्या हातात पुस्तकं जाणार असतील तर हजारी पाच हा आकडा फारच कंजूष आहे. दमट पावसाळ्यात, कुडाच्या घरात, धाकट्या भावंडांच्या गराड्यात ती पुस्तकं जाणार आहेत. ‘लोला’सारखं पुस्तक घरी नेण्याचा आनंद दाखवतं, पण आपल्या शाळेत घरी न्यायलाच मिळत नसेल तर ते पुस्तक मुलाला खोटं पाडतं.

त्यामुळे इथल्यासाठी नवं चित्रपुस्तक कसं असावं याबद्दल माझं मत ठाम आहे. ते इमारतीपासून सुरू होऊ नये. पुस्तक घरी जातं तिथून सुरू व्हावं. दप्तरातून पुस्तक निघतं, चुलीपाशी बसलेली आजी हात पदराला पुसून ते घेते, तिला अक्षरं येत नाहीत पण चित्रातला बैल ओळखता येतो, आणि ती त्याच्यावरून तिसरीच गोष्ट सांगते. मग ते पुस्तक परत जातं आणि दुसऱ्या घरात दुसरी गोष्ट होऊन बसतं. देवघेव म्हणजे काय हे यापेक्षा सोपं सांगता येणार नाही. हिरड्याच्या दिवसांत सगळं घर रानात असतं, तेव्हा पुस्तकही रानात जाईल. भात लावणीत ते आढ्याला खोचलेलं असेल, हे चित्रकाराला ठाऊक हवं. यासाठी चित्रकारानं निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा या भागात काढावा. डोंगर म्हणून कुठलाही त्रिकोण आणि आदिवासी म्हणून डोक्याला पीस लावलेला माणूस काढणारी पुस्तकं इथल्या मुलांनी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांत त्यांना आपलं घर सापडलेलं नाही.

भिलारचा दाखला इथे उपयोगी पडतो. साताऱ्यातल्या या गावानं ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवली आणि त्यांत बालसाहित्याचंही एक घर आहे. तिथे वाचनालयात शिरायचं म्हणजे कुणाच्या तरी ओसरीवर चढायचं. पाच वर्षांच्या मुलाला ओसरीची भीती वाटत नाही. मंचर-नारायणगावच्या मोठ्या वाचनालयांनी बालविभागासाठी अशी एखादी ओसरी, निदान जमिनीवर बसायची जागा आणि गुडघ्याएवढं मांडणीचं फळकूट काढलं, आणि बालवाडीच्या ताईंना महिन्यातून एक ठरलेला दिवस दिला, तर लोलाचा मंगळवार इथेही येऊ शकतो. त्या गावांत ते आजच शक्य आहे. पैशापेक्षा वेळापत्रकाचा प्रश्न आहे.

राहिली ती मुलं, ज्यांचं गावच ठरलेलं नसतं. गाळपाच्या हंगामात मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या भीमाशंकर आणि विघ्नहर या दोन कारखान्यांच्या परिसरात येतात, पालं-कोप्या उभ्या राहतात. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळेसारखे प्रयत्न झाले, पण वाचनालयाचा विचार क्वचितच होतो. या मुलांसाठीचं पुस्तक इंग्रजीत आहे: पॅट मोरा यांचं ‘टोमास अँड द लायब्ररी लेडी’ (१९९७). टोमासचं कुटुंब शेतमजूर, दर उन्हाळ्यात टेक्सासहून आयोवाला पिकांच्या कामाला जाणारं. आजोबा गोष्टी सांगणारे. त्यांच्या गोष्टी संपत आल्या म्हणून ते नातवाला गावातल्या वाचनालयात जा म्हणतात. तिथल्या बाई त्याला पाणी देतात, पुस्तकं काढून देतात, आणि घरी न्यायला दोन पुस्तकं स्वतःच्या नावावर नोंदवतात. तो ती घरच्यांना वाचून दाखवतो, आता गोष्ट सांगणारा तो होतो. हा मुलगा म्हणजे टोमास रिव्हेरा. पुढे तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा कुलगुरू झाला, आणि तिथल्या ग्रंथालयाला त्याचं नाव आहे.

हे पुस्तक मराठीत यायला हवं, आणि सगळ्यात आधी या दोन तालुक्यांच्या पूर्वेकडे. त्यातली कळीची गोष्ट त्या बाईंनी नोंदवहीत केलेली एक ओळ आहे. आपल्या वाचनालयांत सभासद व्हायला पत्ता लागतो, अनामत लागते, कुणीतरी ओळखीचं लागतं. कोपीवरच्या मुलाकडे यातलं काही नसतं. शाळेतल्या बाईंच्या, टोळीच्या मुकादमाच्या किंवा ग्रंथपालाच्या स्वतःच्या नावावर दोन पुस्तकं देण्याची सोय कोणत्याही अनुदानाशिवाय उद्यापासून करता येईल. त्यासाठी नोंदवहीत एक रकाना पुरतो. हंगाम संपून पट्टा पडला की टोळी रातोरात निघते आणि काही पुस्तकं तिच्याबरोबर बीडला जातील. ती हरवली असं लिहू नये. गाळप सुरू होण्याआधी कारखान्यांच्या, म्हणजे पारगावच्या आणि धालेवाडीच्या, आसपासच्या वाचनालयांनी बीडकडच्या गावांतल्या वाचनालयांशी दोन ओळींचा पत्रव्यवहार करून ठेवला, तर इथला शिक्का असलेलं पुस्तक तिथे परत करता येईल, आणि तिथलं नवं पुस्तक घेऊन ते मूल कार्तिकात इकडे येईल.